डॅशबोर्डचा काटा आणि गाडीचा स्लो: कोणाचं किती ऐकायचं?

घाटवळण

मंडळी, गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१४ ची, सेकंडहँड घेतलेली. सिग्नलला एसी चालू असेल तर आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा एकदम खाली बसतो, सहाशे-सातशेच्या मध्ये कुठेतरी, आणि स्टिअरिंगसकट सीट थरथरते. एसी बंद केला की काटा नऊशेच्या आसपास येऊन गप्प. गाडी बंद पडत नाही, पण आता पडेल असं वाटत राहतं. मागे बसलेले सासरे दर सिग्नलला "जावईबापू, एकदा गॅरेजला दाखवून घ्या" म्हणतात ते वेगळंच.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "सर, काट्यात शंभर-दीडशेचा फरक असतोच, इंजिन ओके आहे." आमचा नेहमीचा मिस्त्री म्हणतो, "काटा बरोबर आहे, स्लो उतरलाय, स्क्रूने वाढवून देतो, दोन मिनिटांचं काम." (स्लो म्हणजे रेस न देता, उभ्या गाडीत इंजिन फिरतं ती गती.) आता यात कोणाचं धरायचं?

बरं, एवढंच नाही. मीटरला १०० असताना मोबाईलचं जीपीएस ९५ दाखवतं. टेंपरेचरचा काटा डिसेंबरात महाबळेश्वरला आणि मे महिन्यात सोलापूरला एकाच जागी. पेट्रोलचा काटा घाट चढताना एक सांगतो, उतरताना दुसरं. एवढा मोठा डॅशबोर्ड दिलाय, त्यातलं खरं काय आणि शोभेचं काय? जाणकारांनी लिहावं.

बारा-तेराचा पाना

आधी मिस्त्रीला थांबवा. तुमच्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, इलेक्ट्रॉनिक असणार. स्लो किती ठेवायचा हे इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो, स्क्रू नाही. तो स्क्रू फक्त थ्रॉटलची झडप किती मिटावी याची हद्द घालतो आणि कंपनीत एकदा लावून वर रंगाचा ठिपका मारलेला असतो. तो फिरवला की "झडप पूर्ण मिटली" याची इसीयूची कल्पनाच चुकते. मग आज स्लो वाढेल, आठवड्याने भलतंच काहीतरी सुरू होईल.

कार्बोरेटरच्या गाड्यांत ती पद्धत बरोबर होती. मारुती ८०० ला स्क्रू ड्रायव्हर घेऊन कानाने स्लो लावणारे उस्ताद होते आणि ते उत्तम लावायचे. हात तेच राहिले, गाडी बदलली.

आता काट्याबद्दल. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे इसीयूतली माहिती बाहेर वाचायचं, सोळा पिनांचं सॉकेट असेल. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे २०१४ च्या गाडीत ते नीट चालतं. ब्लूटूथचा साधा ॲडाप्टर घ्या, मोबाईलवर ॲप टाका आणि तीन आकडे बघा: आरपीएम, कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान, गाडीचा वेग. हे आकडे इसीयू स्वतः वापरतो ते असतात. आरपीएम तर तिथे पाव आरपीएमच्या बारकाईने येतो. काट्याला तेवढं दाखवायचं कारणच नाही.

एसी बंद आणि चालू, दोन्ही वेळी इसीयू काय आकडा सांगतो ते लिहा, म्हणजे पुढे बोलता येईल.

निवांत प्रवासी

वाचतोय. माझ्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाही. सुरू केल्यावर निळा दिवा लागतो, थोड्या वेळाने जातो. लाल अजून पाहिलेला नाही आणि पाहायचाही नाही :)

टॉर्कवेडा

आरपीएमच्या काट्याचं थोडं विस्ताराने लिहितो, कारण "काटा चुकीचा" म्हणणं फार सोपं आहे.

जुन्या पेट्रोल गाड्यांत टॅकोमीटर (आरपीएमचं मीटर) इग्निशन कॉइलचे ठोके मोजायचा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, तीन सिलिंडरमध्ये दीड. म्हणून बाहेरून बसवलेला चार सिलिंडरचा टॅको तीन सिलिंडरच्या गाडीला जोडला तर ८०० चा स्लो तो ६०० दाखवतो. अशा मीटरवर विश्वास ठेवून स्लो वाढवून घेतलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. डिझेलमध्ये ठिणगीच नाही, तिथे बऱ्याच गाड्यांत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेत. पट्टा सैल होऊन सरकायला लागला की इंजिन आहे तिथेच आणि काटा खाली.

आताच्या गाड्यांत क्रँकवर दातेरी चक्र असतं. बहुतेकांत साठ दात्यांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. त्या मोकळ्या जागेवरून इसीयूला फेरा कुठे सुरू झाला ते कळतं. म्हणजे मोजणी अगदी बारीक. पण हा आकडा डॅशबोर्डकडे जातो तेव्हा तो मुद्दाम गुळगुळीत केला जातो. कोणतंही इंजिन स्लोला दर ठोक्याला किंचित वर-खाली होतच असतं. ते जसंच्या तसं दाखवलं तर काटा सतत थरथरेल आणि गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी शोरूमच्या दारात उभं राहील. त्यामुळे स्लोला काटा थोडा उशिरा आणि थोडा खोटं शांत राहून बोलतो.

दुसरं म्हणजे काट्यामागे छोटी स्टेपर मोटर असते. किल्ली फिरवल्यावर काटा शून्याच्या अडणीला टेकतो आणि तिथून पावलं मोजतो. सुरू करताना बॅटरी बसकी असेल, व्होल्टेज एकदम पडलं, तर मोजणीत पावलं चुकतात आणि पुढचा सगळा प्रवास काटा तेवढाच वर किंवा खाली राहतो. गाडी बंद करून परत सुरू केल्यावर फरक गेला, तर दोष इंजिनात नाही, इतकं समजायचं.

घाटवळण, तुमच्या बाबतीत आकडा काहीही असला तरी एसीला थरथर होते हा पुरावा काट्याच्या वरचा आहे. एसीचा कॉम्प्रेसर लागताना इसीयूने उलट स्लो वाढवायला हवा. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी बंद असताना साधारण ७०० ते ८५० आणि चालू असताना त्यापेक्षा शंभराच्या आसपास जास्त. तुमच्याकडे उतरतोय. म्हणजे वाढवण्याची हवा कुठेतरी अडतेय.

डेपोकाका

तुम्ही लोक मोबाईल लावा, आम्ही पाना टेकवून कान लावायचो. पण चर्चा चांगली चालली आहे म्हणून लिहितो.

जुन्या जीपगाडीत डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचं मीटर असायचं आणि ॲमीटरही. दोन्ही खरं सांगायची. सकाळी थंड इंजिनाला प्रेशर वर, घाटात तापलं की स्लोला खाली. नवा ड्रायव्हर घाबरून सांगायला यायचा, "साहेब, प्रेशर पडलं." गरम तेल पातळ होतं, पंप स्लोला हळू फिरतो, मग पडणारच की. रेस दिल्यावर चढतं ना? मग चाल पुढे. पण तोच काटा महिन्या-दोन महिन्यांत रोज थोडा खाली दिसायला लागला की बेअरिंग ढिलं होतंय हे इंजिन खटखटण्याच्या आधी कळायचं. आता नुसता लाल दिवा. तो लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

स्पीडोमीटरसुद्धा जुनाच बरा असं मी म्हणणार नाही हं. त्यात केबल असायची. गिअरबॉक्सकडून फिरत येणारी केबल मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवते, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला केसाएवढी स्प्रिंग. चुंबक वाटीला न शिवता तिला ओढतं, स्प्रिंग मागे खेचते, आणि जिथे दोघांचं जमतं तिथे काटा. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगाने तेच वापरलं. केबलमधलं ग्रीस वाळलं की काटा ४० ते ६० च्या मध्ये नाचायचा. केबल तुटली की गाडी उभीच! मीटरवर. रस्त्यावर जोरात.

अजून एक, जुनी गाडी हौसेने ठेवणाऱ्यांसाठी. पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकाच वेळी एकाच दिशेने चुकायला लागले तर टाकी उतरवू नका आणि सेन्सरही बदलू नका. दोघांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत साधारण १० व्होल्टचा. तो गेला असेल किंवा डॅशबोर्डची अर्थिंग गंजली असेल. सँडपेपर मारून वायर घट्ट करा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

सावकाश_चालवा

काका, तुम्ही वेगळा धागाच काढा. +१

वेगाचं मी लिहितो. मीटर १०० आणि जीपीएस ९५ यात बिघाड काही नाही, ते मुद्दाम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपातल्या आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला हरकत नाही, पण खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी, याच्या वर नाही. म्हणजे गाडी खरोखर १०० ने जात असेल तर मीटरने १०० ते ११४ मध्ये कुठेही दाखवावं. टायर नवा-जुना होतो, हवा कमी-जास्त होते, प्रत्येक मीटर थोडं वेगळं बनतं, या सगळ्यात चुकूनसुद्धा कमी दाखवू नये म्हणून कंपन्या आकडा आधीच वर ढकलून ठेवतात.

टायरचं गणित सोपं आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि १.६ मिमीला टायर बाद होतो. व्यास बारा-तेरा मिमीने कमी झाला, छोट्या गाडीला तो दोन टक्क्यांहून थोडा जास्त पडतो. म्हणून तीच गाडी, तोच रस्ता, जुन्या टायरवर मीटर अजून जास्त दाखवतं. उलट हौसेने मोठे टायर घातले तर मीटर खऱ्याच्या जवळ येतं आणि फार मोठे घातले तर खऱ्याच्या खाली जातं. धोका तिथे आहे. ऑल्टोचा मूळ १४५/८० आर १२ काढून १५५/६५ आर १३ घातला तर व्यास ५३७ मिमीचा ५३२ होतो, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण दुकानदार "बसतोय ना, घाला" म्हणतो तेव्हा हा हिशेब आधी कागदावर करावा.

जीपीएस नको असेल तर महामार्गाचे किलोमीटरचे दगड आहेतच. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मीटर ८० ला धरून ठेवा आणि शेजारच्याला पाच किलोमीटरचं घड्याळ लावायला सांगा (स्वतः लावू नका). बरोबर ८० असेल तर २२५ सेकंद लागतात. २३५ लागले तर खरा वेग ७६.६.

चलनग्रस्त

म्हणजे एक्स्प्रेसवेवर मीटरला १०४ दाखवत असेल तर कॅमेऱ्याला मी १०० च्या आतच दिसतो? हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

सावकाश_चालवा

तुमच्या मीटरचा फरक तुम्ही मोजला असेल तर हो. दुसऱ्याच्या गाडीचा फरक आपल्या गाडीला लावू नका. आणि ८० ला वाजणारा बीप आहे ना, जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांत, १२० च्या पुढे तो सलग वाजतो. त्याच्यावर भरवसा ठेवून एक्स्प्रेसवे चालवणारे लोक आहेत. कारला तिथे मर्यादा १०० आहे आणि घाटात त्याहून बरीच कमी.

अनघा_आर

टेंपरेचरच्या काट्यावर कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आमचं इंजिन त्याच्यापायी गेलं.

कुंभार्ली चढत होतो, चिपळूणहून कराडकडे. मे महिना, एसी चालू, पुढे ऊस कारखान्याचं रिकामं ट्रेलर रांगतंय. काटा थोडा वर सरकला. नवरा म्हणाला वळण संपलं की थांबू. वळण संपायच्या आत काटा आपणहून खाली आला, मधल्या रेषेच्याही खाली. आम्हाला बरं वाटलं, चढ कमी झाला म्हणून थंड झालं असेल. त्यानंतर दोन-तीन किलोमीटरमध्ये गाडी ओढेनाशी झाली आणि बॉनेटमधून गोडसर वास यायला लागला. उघडून पाहिलं तर खालचा होज फाटलेला, कूलंट सगळं रस्त्यावर.

नंतर गॅरेजमधल्या मुलाने समजावलं. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, तो कूलंटचं तापमान सांगतो, इंजिनाचं नाही. कूलंट निघून गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो. बाजूचं लोखंड तापून लाल व्हायला आलं तरी त्याला त्या मानाने गारच वाटतं. म्हणून काटा पडला. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, खर्च विचारू नका.

तेव्हा चढावर, एसी चालू असताना, तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर आनंद मानू नका. लगेच बाजूला घ्या. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, हे सांगायला नकोच.

टॉर्कवेडा

अनघाताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. यात एकच भर. बऱ्याच गाड्यांत हा काटा साधारण ८० पासून १०५-११० अंशापर्यंत मधल्या रेषेवरच चिकटवून ठेवलेला असतो. थर्मोस्टॅट ८२-८८ ला उघडतो, पंखा ९५ च्या आसपास लागतो, ट्रॅफिकमध्ये तापमान १०० च्या वरही जाऊन येतं, हे सगळं नेहमीचंच. प्रेशरच्या झाकणामुळे कूलंट १२० च्या पुढेही उकळत नाही. पूर्वीचे काटे हे सगळं दाखवायचे आणि लोक काटा हलला म्हणून तक्रार घेऊन यायचे. मग कंपन्यांनी मधला भाग सपाट करून टाकला. घाटवळण यांचा काटा महाबळेश्वर आणि सोलापूरला एकाच जागी राहतो तो त्यामुळे. म्हणजे तुमचा काटा हलला हीच बातमी उशिराची आहे. ताईंना तो सरकलेला दिसला तेव्हा आतमध्ये ११० च्या वर गेलेलंच असणार.

यावर माझं मत स्पष्ट आहे. ज्याला मोजमाप म्हणून आकडे छापले त्याने मोजमाप करावं. शांतताच हवी असेल तर निवांत प्रवासींचे निळा-लाल दिवे जास्त प्रामाणिक आहेत.

मिशिगनकर

इथे अमेरिकेत तर याच्या पुढची पायरी गाठलेली आहे. माझदा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९९४ पर्यंत, ऑइल प्रेशरचं मीटर खरं होतं. १९९५ पासून तिथे काटा तोच, पण मागे नुसता स्विच. प्रेशर किमान पातळीच्या वर असलं की काटा मध्यावर, नसलं की शून्यावर. मधलं काहीही नाही. फोर्डच्या ८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या पिकअपमध्येही हेच, एक रेझिस्टर टाकून काटा मधोमध बसवलेला. लोकांनी तो रेझिस्टर काढून खरा सेन्सर बसवण्याच्या कृती लिहून ठेवल्या आहेत. डेपोकाकांचा ड्रायव्हर घाबरायचा ना, तोच ड्रायव्हर इथेही होता. फक्त इथे कंपनीने त्याला समजावण्याऐवजी काट्याचा आवाजच बंद केला.

निवांत प्रवासी

पेट्रोलच्या काट्याचं कोणी सांगणार का? पंपावर टाकी फुल केली, पुस्तकात ३५ लिटर लिहिलंय, पावती ३७ ची. पंपवाल्याशी भांडलो.

बारा-तेराचा पाना

पुस्तकातली क्षमता ही टाकीची ठरवलेली मर्यादा असते. गळ्यापर्यंत आणि पाइपात अजून जागा असते आणि नोझलने आपोआप कट मारल्यावर पोरगा "राउंड फिगर" म्हणून अजून घालत राहतो. म्हणून फक्त त्यावरून चोर ठरवू नका. शंकाच असेल तर पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो.

काट्याचं असं की टाकीत एक तरंगता गोळा आणि त्याला जोडलेली पट्टी. टाकी चौकोनी डबा नसते. सीटखाली, ॲक्सलवरून वळवून बसवलेली असते. म्हणून पहिली अर्धी टाकी रमतगमत जाते आणि दुसरी अर्धी झरझर. घाटात पेट्रोल एका बाजूला जातं, काटा तिकडे झुकतो. सतत हलू नये म्हणून त्यालाही उशिरा बोलायला शिकवलंय, त्यामुळे टाकी भरल्यावर काटा हळूहळू चढतो. आणि "ई" च्या खाली थोडं शिल्लक असतं, पण त्याच्या जिवावर फिरू नका. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो.

स्क्रीनवरचं ॲव्हरेज इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून काढलेलं असतं आणि बहुधा गाडीचं कौतुक करणारं असतं. खरं ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल. इ२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) विषय इथे नको, त्यावर दुसरीकडे पुरेशी हाणामारी चालू आहे.

घाटवळण

सगळ्यांचे आभार. ॲडाप्टर आणला, आकडे घेतले. इंजिन पूर्ण तापल्यावर:

एसी बंद, इसीयूप्रमाणे ७६० च्या आसपास, स्थिर. त्याच वेळी काटा नऊशेला.
एसी चालू केल्याच्या क्षणी ५६० पर्यंत बुडी, मग ६४० ते ७१० मध्ये झुलत राहतं. काटा झुलत नाही, सातशेच्या जरा खाली शांत उभा.
कूलंट उभ्या गाडीत ८९ ते ९७, पंखा लागला की खाली. टेंपरेचरचा काटा अर्थातच ढिम्म.
मीटर ८० ला धरलं तर ओबीडीवर ७६ आणि जीपीएसवर ७६.

आता?

टॉर्कवेडा

आता चित्र स्पष्ट आहे. काटा थोडा वर दाखवतो, सर्व्हिस सेंटरचं तेवढं बरोबर. एसीला स्लो खरोखर उतरतो, मिस्त्रीचं तेवढं बरोबर. "ओके आहे" आणि "स्क्रूने वाढवतो" ही दोन्ही वाक्यं सोडून द्या. एसीची मागणी आल्यावर इसीयू झडप उघडतो आहे, पण हवा पुरत नाही. थ्रॉटल बॉडीत झडपेच्या कडेला काजळीचा थर असणार. बॉनेटखाली एअर फिल्टरचा पाइप काढून, टॉर्च मारून बघा, चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसेल.

त्याच ॲपमध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी देतोय तो आकडा. दीर्घ मुदतीची ट्रिम स्लोला +१५ च्या वर असेल आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल तर कुठला तरी व्हॅक्यूमचा पाइप हवा खेचतोय. शून्याच्या आसपास असेल तर काजळीच.

बारा-तेराचा पाना

साफ करताना दोन गोष्टी. थ्रॉटल बॉडीचाच क्लीनर वापरा आणि इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर नाजूक असतात. साफ झाल्यावर स्लो उलट ११००-१२०० ला जाऊन बसला तर घाबरू नका. इतके दिवस काजळी धरून इसीयूने झडप जास्त उघडी ठेवायची सवय लावून घेतली होती. स्कॅनरने थ्रॉटलचं रीलर्न करून घ्या, म्हणजे इसीयू झडपेची जागा नव्याने शिकेल. नाहीतर काही दिवसांत बहुधा आपोआप जुळतं.

चलनग्रस्त

या सगळ्याचा पीयूसीशी काही संबंध? आमच्याकडे तो मुलगा खिडकीतून "साहेब, अडीच हजारला धरा" म्हणतो आणि मी काट्याकडे बघून धरतो.

टॉर्कवेडा

आहे. बीएस-४ पेट्रोल गाडीची चाचणी दोनदा होते. एकदा स्लोला: कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत, हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत. मग २५०० आरपीएमला, त्यात २०० इकडे-तिकडे चालतं: तिथे मोनॉक्साइड ०.२ च्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण) ०.९७ ते १.०३. तुमचा काटा शंभर-दीडशे चुकत असला तरी त्या दोनशेत बसतो. स्लोला मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नसेल, तर मात्र हायड्रोकार्बन तिथे लगेच चुगली करतात.

घाटवळण

फ्युएल ट्रिम +३ होती, म्हणजे गळती नाही. थ्रॉटल उघडला तर काळी रेघ अगदी सांगितल्यासारखी, कापडाला डांबरासारखा थर आला. साफ करून रीलर्न केलं. आता एसी बंद ७५०, एसी चालू ८५०, बुडी मारते ती ७०० पर्यंत आणि लगेच सावरते. काटा एसीला हजाराच्या जवळ जातो. जाऊ दे बिचारा.

पण थरथर पूर्ण गेली नाही. गिअर न्यूट्रलला, एसी बंद, स्लो एकदम बरोबर, तरी सीटखाली बारीक कंप आहेच. रेस १२०० ला नेली की गायब.

डेपोकाका

मग आता कान आणि हात वापरा. इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे ज्या रबरी बैठकीवर इंजिन टेकलेलं असतं ती, बसलंय. एक जण आत, ब्रेक घट्ट, पहिला गिअर, क्लच हळू अर्ध्यावर. दुसऱ्याने बॉनेट उघडून बाजूला उभं राहून बघायचं. समोर कोणी उभं राहायचं नाही. इंजिन बोट-दीड बोट उचलून धप्पकन खाली बसलं तर माउंटिंग गेलं. रिव्हर्सलाही बघा. पट्ट्याच्या बाजूचं माउंटिंग तेलाचं असेल तर खाली काळा ओघळ दिसेल.

बदलताना रबर बघून घ्या. बाहेरचं स्वस्त माउंटिंग दगडासारखं कडक येतं, त्याने कंप वाढतोच. आणि तीनपैकी एकच गेलं असेल तर एकच बदला. गॅरेजवाला सेट घ्या म्हणेल.

घाटवळण

पट्ट्याच्या बाजूला काळा ओघळ आहे, काका. शनिवारी बदलतो. सासऱ्यांना तुमचा निरोप सांगितला. ते म्हणाले, मी तेच म्हणत होतो.